थांबा मनाप्रमाणे, पण दिवस मोजून

वर्षाचा आराखडा आधी आखू नका, आवडेल तिथे थांबा, हा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना मिळणारा सल्ला मला मनापासून पटतो. फक्त शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, तो जपून वापरा. तिथे पर्यटकाला कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, तेही सगळ्या देशांचे मिळून. व्हिसावर कमी लिहिले असतील तर तेवढेच. आठवडाभर बाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, असं मी धरून चालले होते. तसं नसतं! आल्याचा आणि गेल्याचा दिवसही त्यात धरतात.

सीमेवरचा अधिकारी पासपोर्टचं एकेक पान उलटत, शिक्क्यांवर बोट ठेवून दिवस मोजत होता, तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला होता. 88 भरले. एकटं फिरताना आठवण करून द्यायला सोबत कुणी नसतं, म्हणून त्या रात्रीपासून डायरीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहायला लागले.