मदत हवी आहे: सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कातली देशोदेशीची घरं वडिलांना दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी,

मी जळगावला असतो. आमचे आप्पा दीड महिन्यापासून माझ्या धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, सॅन डिएगोला आहेत. वय 74. सगळं आयुष्य अमळनेरजवळ, बोरी नदीकाठच्या शेतात गेलं. आई जाऊन दीड वर्ष झालं. गावात एकटे राहू नयेत म्हणून आम्ही दोघा भावंडांनीच हट्टानं त्यांना सहा महिन्यांसाठी पाठवलं.

इथे रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे सकाळचे आठ. तेव्हा माझा रोजचा व्हिडिओ कॉल असतो. परवा आप्पांनी फोन बाल्कनीतून रस्त्याकडे फिरवला आणि म्हणाले, "देख, सकायपाईन दोनच मानसं गयात." दोघांच्याही हातात कुत्र्याची दोरी होती. मग हळूच म्हणाले, "माले आठे करमत नही." आप्पा तक्रार करणारा माणूस नाही. दुष्काळी वर्षांतही मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बहीण आणि भावजी दोघंही नोकरी करतात, मोकळा दिवस एक रविवारच. बहिणीच्या ऑफिसातल्या कुणी तरी सांगितलं की तिथल्या बाल्बोआ पार्कात वेगवेगळ्या देशांची छोटी छोटी घरं आहेत, ती स्वयंसेवक चालवतात आणि रविवारी कुणीही आत जाऊन बसू शकतं. मी फोटो पाहिले. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, समोर हिरवळ. मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या गल्लीतली ओळीनं असलेली घरं आणि त्यांचे ओटे. आप्पांची संध्याकाळ कायम अशाच ओट्यावर गेली आहे.

कुणी तिथे जाऊन आलं असेल तर सांगा. आप्पांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. हिंदी समजते, पण बोलताना अहिराणीच बाहेर येते. अशा माणसाला तिथे अवघडल्यासारखं होईल का? दोन्ही गुडघे दुखतात, फार चालवत नाही. माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. तिकीट किती आहे? आणि मुख्य म्हणजे ही जागा एकदा बघून फोटो काढून यायची आहे, की दर रविवारी गेलं तरी चालेल? तीन आठवड्यांवर कानबाई, आपल्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण, आली आहे. भाऊबंद सगळे गावी जमतील आणि आप्पा तिकडे असतील, याचा मला आत्तापासूनच घोर लागला आहे.

प्रतिसाद (मूळची धुळ्याची, सध्या सॅन डिएगोत)

दादा, जरूर पाठवा. मी नवीन होते तेव्हा माझेही बरेच रविवार तिथेच गेले.

जागेचं पूर्ण नाव हाउस ऑफ पॅसिफिक रिलेशन्स. नावातला पॅसिफिक म्हणजे महासागर नव्हे, शांततेचा, सलोख्याचा अशा अर्थानं तो शब्द आहे. 1935 साली या पार्कात मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, तेव्हाची यातली मूळ घरं. प्रदर्शन उठलं, घरं राहिली. आज तीसहून अधिक देशांचे गट त्यात आहेत. काहींचं स्वतःचं घर आहे, काही एकत्र जागा वापरतात. हाउस ऑफ इंडियाही आहे. सगळं काम स्वयंसेवकांचं. आठवडाभर आपापली नोकरी करणारी माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन कुलूप उघडतात, टेबलावर कापड अंथरतात, आल्यागेल्याला आपल्या देशाचं काही दाखवतात.

तिकीट नाही. दारात दानपेटी असते, मनाला येईल ते टाकायचं. रविवारी दुपारी घरं उघडी असतात. साधारण वसंतापासून शरदापर्यंत रविवारी दोनच्या सुमारास समोरच्या हिरवळीवर एकेका देशाचा नाचगाण्याचा कार्यक्रम होतो. त्या रविवारी कुणाची पाळी आहे आणि नेमकी वेळ काय, हे बहिणीला आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघायला सांगा.

भाषेची काळजी सोडा. आत बसलेल्या कित्येक आजी-आजोबांचंही इंग्रजी तोडकंमोडकंच असतं. एक मात्र सांगते, खाण्याबाबत विचारूनच घ्या. चवीला म्हणून काही ना काही हातावर ठेवतात, आणि युरोपातल्या घरांत केक-बिस्किटं असली तर त्यात अंडं असणारच असं धरून चाला.

प्रतिसाद (भुसावळ)

गुडघ्यांसाठी: पार्क भला मोठा आहे, सुमारे 1200 एकर. एका दिवसात सगळं बघू म्हणाल तर आप्पा पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत. पार्कात फुकट ट्राम फिरते, तिचा उपयोग करा. मुलाकडे गेलो होतो तेव्हा आम्ही गाडी लांब लावून ट्रामनंच फिरलो. घरांपासून जवळच स्प्रेकल्स ऑर्गन आहे, उघड्यावरचं प्रचंड पाइप ऑर्गन, त्याआधीच्या 1915 च्या प्रदर्शनाच्या वेळचं. रविवारी दुपारी दोनला तिथे फुकट वादन असतं. हिरवळीवरचा कार्यक्रमही त्याच सुमारास, म्हणून एका रविवारी एकच धरा. ऑर्गनसमोर बसायला बाकं आहेत, पण सावली कमी. आप्पांची टोपी विसरू नका.

ते शेतकरी आहेत म्हणून सांगतो, त्यांना नॅचरल हिस्ट्री म्युझियमजवळचं मोरटन बे फिगचं झाड नक्की दाखवा. 1915 च्या प्रदर्शनाआधी लावलेलं आहे. वडाच्याच कुळातलं, मुळं हत्तीच्या पाठीसारखी जमिनीवर आलेली. आणि आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. हा पार्क पूर्वी उघडाबोडका माळ होता. 1892 साली केट सेशन्स नावाच्या बाईंनी रोपवाटिकेसाठी तिथली जमीन भाड्यानं घेतली, त्या बदल्यात दरवर्षी पार्कात शंभर झाडं लावायची अट होती. आप्पांना ही गोष्ट नाचगाण्यापेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं.

प्रतिसाद (चाळीसगाव)

वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंच आहे. मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. तिथले स्वयंसेवक यजमान म्हणून बसलेले असतात. आप्पांना दुपारभर सोबत देणं हे काही त्यांचं काम नाही. बहिणीनं आप्पांना एका घरात बसवून निघून जाऊ नये. सोबत राहावं, मधे बोलून द्यावं. आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस तसेच कोरडे गेले तर एका रविवारनं भागणार नाही. माझ्या आईला आम्ही घरामागे चार कुंड्या आणून दिल्या होत्या. मेथी, कोथिंबीर, दोन मिरच्या. सकाळी उठल्यावर बघायला काही तरी हवं ना.

पार्क बुलेव्हार्डकडे जुन्या पाण्याच्या टाक्यांमध्ये थाटलेली दोन केंद्रंही आहेत, वर्ल्डबीट सेंटर आणि सेंत्रो कल्चरल दे ला रासा. सेंत्रोच्या गोल भिंतींवरची चित्रं बाहेरूनही बघता येतात. पण ते नंतर कधी तरी.

प्रतिसाद (जळगाव)

हे वाचून वाटलं, आपल्या खान्देशात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, गुजरी, पावरी, भिलोरी आहे, तांड्यांवरची गोरबोली आहे, शहरात सिंधी आणि मारवाडी आहे. आपल्या एखाद्या बागेत रविवारी अशी एक खोली उघडली तर? कुणाच्या डोक्यात असेल तर कळवा. मी पहिल्या दिवसापासून झाडू मारायला येईन.

धागाकर्त्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेले होते. आज सकाळी बहिणीनं दीड तास फोनवर सगळं सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो.

धुळ्याच्या ताईंनी सांगितल्यावरून तिनं वेळ आधी बघून ठेवली होती. ट्रामनं गेले. पहिल्या दोन घरांत आप्पा दारातच उभे राहिले, हात जोडून. आत गेलेच नाहीत. मग युक्रेनच्या घरात भिंतीवर गव्हाच्या वाळलेल्या ओंब्यांची जुडी टांगलेली दिसली. आप्पा सरळ तिच्याजवळ गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी जुडी काढून त्यांच्या हातात दिली. आप्पांनी एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरून कट्‌ करून फोडला आणि मान हलवली. बाई हसल्या. मग त्यांनी हात कमरेइतका वर नेऊन त्यांच्याकडचा गहू केवढा वाढतो ते दाखवलं. आप्पांनी आपला हात थोडा खाली धरला. बहीण म्हणाली, "दादा, मी भाषांतर करायला पुढे झाले, तर आप्पांनी मला हातानंच थांबवलं."

हाउस ऑफ इंडियातही बसले. तिथे एक गुजराती काका भेटले, त्यांच्याशी हिंदीत पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. चाळीसगावच्या दादांचं ऐकून बहीण पूर्णवेळ सोबत होती, आणि कुंड्या कालच घेतल्या.

झाडही पाहिलं. आप्पा बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "हाऊ ते आपला वडना भाऊबंद शे." केट सेशन्सबाईंची गोष्ट बहिणीनं सांगितली, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? शंभर झाडांना पाणी कुठून घालायची? याचं उत्तर कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, ते मला रोज विचारणार आहेत.

"पुढला आयतवारले परत जासू" म्हणाले आहेत. फक्त कानबाईच्या रविवारी जाणार नाहीत. त्या दिवशी इकडे कानबाई बसेल तेव्हा मी फोन देव्हाऱ्यासमोर लावून ठेवायचा, आरती होईपर्यंत कॉल तोडायचा नाही, असं त्यांनी मला आत्ताच बजावून ठेवलं आहे.