मदत हवी आहे: टेम्प्लेट अपडेट केलं आणि मराठी मथळे पुन्हा तुटले

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमचा छोटासा होमस्टे आहे. वेबसाइटसाठी एका कंपनीची वर्षाची वर्गणी भरून वर्डप्रेसचं (वेबसाइट बनवायची प्रणाली) टेम्प्लेट, म्हणजे तयार थीम, घेतलं. डेमोतले सुंदर फोटो सोबत येत नाहीत, हे पैसे भरल्यावर कळलं. असो.

खरा त्रास मराठीचा. मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं वाढवलेलं, त्यामुळे 'मये तलावाजवळ' लिहिलं की शिरोरेषा तुटते आणि एकेक अक्षर सुटं लोंबतं. ओळीची उंचीही कमी. 'पार्किंग'चा रफार वरून छाटलेला. थीमच्या स्टाइल फाइलमध्ये लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं ते अंतर, शून्य केलं, मुक्ता फॉन्ट घातला, दोन रात्री घालवून सगळं जुळवलं. चवथीच्या आधी अपडेटचं बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं! सपोर्टवाले म्हणतात, असले बदल आमच्या सेवेत बसत नाहीत.

आता कोणी सांगतं चाइल्ड थीम कर (मूळ थीमवर बेतलेली वेगळी थीम, तिच्यातले बदल अपडेटनं पुसले जात नाहीत), कोणी म्हणतं ॲडिशनल सीएसएसमध्ये (वर्डप्रेसमध्येच आपले स्टाइलचे बदल लिहायची जागा) टाकलंस तरी पुरे. एवढ्याशा बदलांसाठी तुम्ही काय कराल? आणि वर्गणी संपल्यावर साइट तशीच चालते की नुसते अपडेट थांबतात, कोणाला अनुभव आहे? म्हापसा-पणजीकडे समोर बसून शिकवणारं कोणी असेल तर तेही कळवा. फी देईन, वर घरचे काजू.