वडोदरा: दोन होस्टवरच्या व्हीएममध्ये नेटवर्क एकाच दिशेने रखडतंय, मदत हवी आहे

मंडळी, दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या ऑफिसात प्रॉक्समॉक्सचे (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) दोन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, आहेत, मधे १० गिगाबिटचा स्विच. एकावर डेटाबेसची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), दुसऱ्यावर बॅकअपची. दोन्हींत डेबियन, साधा लिनक्स ब्रिज (होस्टमधला सॉफ्टवेअर स्विच), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) नाही.

आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) लावलं तर होस्ट ते होस्ट दोन्ही दिशांना ९.४ गिगाबिट मिळतात. पण डेटाबेसच्या व्हीएमकडून बॅकअपच्या व्हीएमकडे जेमतेम ३०० मेगाबिट, आणि रीट्रान्समिटचा (पॅकेट पुन्हा पाठवण्याचा) आकडा भराभर चढतो. उलट दिशेला वेग व्यवस्थित. केबल किंवा स्विचचा दोष असता तर होस्टच्या चाचणीतही दिसला असता, म्हणून मला संशय व्हर्च्युअल बाजूचाच आहे. बॅकअपची व्हीएम डेटाबेसच्याच होस्टवर हलवली की तक्रार गायब!

व्हीएमचं नेटवर्क कार्ड आधीपासून व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं) आहे, ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) नाही. मल्टिक्यू (कार्डाच्या समांतर रांगा) ४ करून पाहिलं, प्रॉक्समॉक्सची फायरवॉल बंद केली, एलआरओ (आलेली पॅकेटं कार्डानेच एकत्र जोडणं) बंदच आहे. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सगळीकडे १५०० आहे आणि तुकडे न करता १४७२ बाइटचं पिंग आरपार जातं. फिजिकल कार्डावर ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेटं) शून्य, पण बॅकअप व्हीएमच्या टॅप इंटरफेसवर (व्हीएमला ब्रिजशी जोडणारं होस्टवरचं टोक) टीएक्स ड्रॉप, म्हणजे व्हीएमकडे जातानाचे ड्रॉप, वाढताना दिसतात. त्या वेळी व्हीएमचा सीपीयू जवळपास रिकामाच असतो.

दिवसा डेटाबेस बंद करता येत नाही, रीबूट फक्त रविवारी रात्री. नवीन कार्ड घ्यायला सध्या पैसे नाहीत.

टॅपवरचे हे ड्रॉप रांग अपुरी पडल्यामुळे होतात की जीआरओ-टीएसओच्या (येणारी पॅकेटं जोडणं आणि जाणारी कार्डाकडून तोडून घेणं) गोंधळामुळे, हे चालू व्हीएमवरच कसं ओळखायचं? आणि आधी काय बदलून पाहू: टीएक्स क्यूची लांबी, व्हर्टआयओच्या रिंगचा (पॅकेटं थांबतात त्या बफरचा) आकार, की होस्टवरचं जीआरओ?