स्पेन: जिरोना प्रांतातली जुनी गावं, सासूबाईंना घेऊन कोणती बघावीत?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. माझी नणंद बार्सिलोनाला नोकरीला असते आणि यंदा द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली की मे महिन्याच्या मध्यावर मी, मिस्टर आणि सासूबाई असे तिघं तिच्याकडे जातोय. बार्सिलोना ती दाखवेलच, पण मला जुनी दगडी गावं बघायची फार हौस आहे. ती म्हणते वर जिरोना प्रांतात जा, तिथे एकाहून एक गावं आहेत. आता नेटवर बघायला गेलं तर ढीगभर नावं येतात आणि सगळीकडे तेच फोटो, दगडी कमान आणि कुंड्या, त्यामुळे काय निवडावं कळेना झालंय. तीन-चार दिवस काढू शकतो. सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात पण हळूहळू सगळं चढतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मिस्टरांची दिंडोरीला बाग आहे त्यामुळे त्यांना तिकडचे द्राक्षमळे बघायचेत. गाडी भाड्याने घ्यावी का बसने जमेल? नाशिककडचं कुणी जाऊन आलंय का?

जुनं_नाशिक:
ताई, मी नोकरीनिमित्त जिरोनात राहिलोय, त्यामुळे मनापासून लिहितो. आधी व्हिसाची अपॉइंटमेंट बघा, उन्हाळ्यात मुंबईला फार गर्दी असते, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बार्सिलोनाहून जिरोनाला फास्ट ट्रेनने जेमतेम ४० मिनिटं लागतात. आणि मेच्या मध्यावर म्हणताय तर जिरोना शहरात तेव्हा फुलांचा उत्सव असतो, एरवी बंद असलेले जुन्या घरांचे चौक लोकांना उघडे करतात आणि पायऱ्या-अंगणं फुलांनी भरून टाकतात. सासूबाईंना नक्की दाखवा, पण त्या आठवड्यात खोल्या महाग असतात म्हणून मुक्काम बेसालूला करा.

बेसालू हे माझ्या मते पहिलं गाव, आणि एकच बघायचं झालं तरी हेच. फ्लुविया नदीवर जो जुना पूल आहे तो सरळ नाहीये, मध्येच वळतो, कारण बांधणाऱ्यांनी नदीतले मूळ खडक जिथे होते तिथेच खांब रोवले, खडक सोडून पाण्यात पाया घालायचा नादच केला नाही. मधोमध बुरूज आणि दरवाजा, तिथे पूर्वी जकात घ्यायचे. पुराने पडला, परत बांधला, १९३९ साली यादवी युद्धाच्या शेवटी उडवला तोही परत बांधला. आपण गोदेचे पूर बघत मोठे झालेले लोक, आपल्याला तो पूल लगेच कळतो. पुलाजवळच ज्यू लोकांचं जुनं स्नानगृह आहे, पायऱ्या उतरून खाली दगडी कुंड, वर छोटी खिडकी, बाकी काही नाही. १९६४ मध्ये विहीर खणताना ते सापडलं, तोवर कुणाला पत्ताच नव्हता. किल्ली टुरिस्ट ऑफिसकडे असते, गाइडबरोबरच सोडतात, म्हणून आधी वेळ विचारून ठेवा.

संध्याकाळी बसने आलेले सगळे निघून जातात आणि मेमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेवढे दोन-तीन तास गाव तुमचंच. यासाठीच म्हणतो की मुक्काम करा, धावत येऊन धावत जाऊ नका.

दगडधोंडे:
वरच्या दादांशी सहमत, पण बेसालूपासून पंधरा-वीस मिनिटांवर कास्टेलफोलित दे ला रोका आहे ते का लिहिलं नाहीत? आपल्या लोकांनी तर ते आधी बघायला हवं!

अख्खं गाव बसाल्टच्या कड्यावर आहे. कडा सुमारे ५० मीटर उंच आणि जवळजवळ किलोमीटरभर लांब, दोन बाजूंना दोन नद्या, आणि घरं अगदी काठाला चिकटून. दोन वेगवेगळ्या वेळी लाव्हा वाहत आला, एकावर एक थंड झाला, तो साधारण दोन लाख वर्षांपूर्वीचा. आपला अंजनेरी-ब्रह्मगिरीचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तिथला खडक त्यापुढे अगदी कोवळा, पण जात तीच. खाली नदीच्या बाजूला जाऊन वर बघा, थंड होताना उभे तडे जाऊन तयार झालेले खांब स्पष्ट दिसतात, मुंबईत अंधेरीच्या गिलबर्ट हिलला दिसतात तसेच. घरांच्या भिंतीत तोच काळा दगड आहे, आपल्याकडे काळारामाला रामशेजच्या डोंगरातला वापरला तसा जवळचाच. सासूबाईंना गावात चालायला त्रास नाही, वरची गल्ली बऱ्यापैकी सपाट आहे, शेवटच्या टोकाला जुनं चर्च आणि तिथे कठडा, दोन्हीकडच्या दऱ्या दिसतात. १४२७-२८ च्या भूकंपांनी या सगळ्या भागाची वाट लावली होती, हे चर्चही नंतर परत उभं केलेलं.

तिथून पुढे सांता पाऊ गाव, चौकोनी-तिरका बाजारचौक आणि त्याला कमानींचे ओसरे. सांता पाऊच्या वाटेवर क्रोस्कात नावाचा ज्वालामुखी आहे, तो मिस्टरांना दाखवाच. त्याची माती-खडी बांधकामासाठी वर्षानुवर्षं खणून नेली, डोंगराची एक बाजू केकसारखी कापली गेली. लोक आंदोलनाला उतरले, १९८२ मध्ये तो भाग संरक्षित झाला, पुढे ९० च्या दशकात खाण बंद करून ती जखम तशीच उघडी ठेवून नीट केली. आता तुम्ही त्या कापलेल्या भिंतीसमोर उभे राहिलात की लाल, काळे, गेरूसारखे थर वरपासून खालपर्यंत दिसतात. ब्रह्मगिरी आणि संतोषा डोंगर पोखरायला लागले तेव्हा आपल्याकडेही लोक उभे राहिलेच ना, मला तिथे सतत तेच आठवत होतं. डोंगर राखला म्हणून ती गावं आज बघण्यासारखी राहिलीत असं माझं ठाम मत आहे.

अन्नपूर्णा_पंचवटी:
जेवणाचं मी सांगते, कारण शाकाहारी माणूस सोबत असला की सगळी ट्रिप त्यावर अडते. "व्हेजिटेरियन" म्हटलं तरी ट्यूना घातलेलं सॅलड समोर येऊ शकतं, म्हणून मांस नको, मासे नको, अंडं नको असं तिन्ही वेगवेगळं सांगा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारा. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल-मीठ घातलेलं, ते प्रत्येक ठिकाणी मिळतं. एस्कालिवादा मागवा, वांगी आणि लाल ढबू मिरची भाजून, सोलून, तेलात घातलेली, फक्त वर अँकोव्ही मासा नको हे आधी बजावा, सासूबाईंना भरीत खाल्ल्यासारखं वाटेल. सांता पाऊचे पांढरे छोटे घेवडे प्रसिद्ध आहेत, ज्वालामुखीच्या मातीतले, सालही जाणवत नाही इतके मऊ, पण ते बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजबरोबर देतात तेव्हा नुसते मागा. गोडाला मातो म्हणजे ताजं मऊ पनीर आणि मध.

दुपारचं जेवण एक ते साडेतीन, त्यानंतर किचन बंद, आणि रात्री साडेआठच्या आत बहुतेक ठिकाणी जेवण मिळत नाही. सात वाजता जेवणाऱ्या माणसाचे हाल होतात, म्हणून हॉटेलऐवजी किचन असलेलं घर घ्या. भाकरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, चिवडा न्या, पण तूप, पेढे, चक्का अजिबात नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात.

द्राक्षवेल:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या पूल आणि कुंड नक्की. दोन गोष्टी अजून. पाल्स आणि पेरातायादा ही नावं सारखी येतात ती घ्यावीत का? आणि मळ्यांचं कुणीच लिहिलं नाही, मिस्टर मागे लागलेत.

जुनं_नाशिक:
पाल्स-पेरातायादा समुद्राच्या बाजूला, एम्पोर्दा भागात. दोन्ही एकमेकांजवळ आहेत, एका दिवसात आरामात होतात. खरं सांगायचं तर पाल्स मला जरा जास्तच आवरल्यासारखं वाटतं, पण मनोऱ्याजवळून खाली भाताची खाचरं आणि पलीकडे समुद्रातली मेदेस बेटं दिसतात ते छान आहे. पाल्सचा तांदूळ तिथे नावाजलेला, आपल्याकडे इगतपुरीच्या भाताचं कौतुक करतात तसं तिथले लोक करतात. पेरातायादा मला जास्त आवडतं, किल्ल्याभोवतीचा खंदक सरळ खडकातच कोरलेला आहे आणि गाव अजून त्याच्या आतच आहे.

बागायतदार_मोहाडी:
वहिनी, मळ्याचं मी सांगतो. एम्पोर्दाची वाइन नावाजलेली आहे, गार्नाचा आणि कारिन्येना या मुख्य जाती. त्रामुंताना नावाचा उत्तरेचा वारा तिथे इतका जोराचा असतो की जुन्या बागा मांडवावर नाहीतच, बुटक्या झुडपासारख्या जमिनीलगत ठेवलेल्या. मेमध्ये फुटी चांगल्या वाढलेल्या असतात. आणि समुद्रकाठच्या कादाकेस गावाच्या रस्त्याने गेलात तर डोंगरउतारावर चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेले बांध दिसतील, मैलोन्‌मैल, वर वेल एकही नाही. तिथे सगळी द्राक्षं होती, १८७९ मध्ये फ्रान्सकडून फिलॉक्सेरा आला, मुळं खाणारी कीड, आणि बागा संपल्या. नंतर अमेरिकन खुंटावर कलमं करून द्राक्ष परत आलं, पण त्या अवघड उतारांवर बरेच लोक परतलेच नाहीत. आपण डॉगरिजवर कलम करतो तो खुंटसुद्धा अमेरिकन जातीचाच. साहेबांना म्हणावं ते बांध बघून या, एवढे दगड हाताने वाहिलेत त्या लोकांनी.

गाडीचं म्हणाल तर बेसालू, कास्टेलफोलित आणि त्यापुढचं ओलोत शहर बसने होतं, जिरोनाहून बस आहे. सांता पाऊ, पेरातायादा आणि मळ्यांसाठी गाडी लागेलच. नाशिक आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, मूळ लायसन्सही सोबत ठेवा. तिकडे उजव्या बाजूने चालवायचं असतं, त्यामुळे नणंदबाई चालवत असतील तर उत्तम. गावात गाडी आत जात नाही, बाहेरच्या पार्किंगला लावून चालायचं, म्हणून सासूबाईंना चांगल्या सोलचे बूट घ्या, गल्लीतले गोटे पावसात निसरडे होतात.