ओझोनची पेटी: वैद्यकीय उपकरण की भोंदूगिरी?

अडगळ:
गेल्या महिन्यात मुंबईच्या चोर बाजारातून मी एक जुनी पेटी आणली. आत विटलेली जांभळी मखमल, काळ्या मुठीचा एक जाड दांडा, मुठीच्या टोकाशी पितळी स्क्रू, आणि मखमलीच्या खाचांत बसवलेल्या तीन काचनळ्या आहेत: एक भूछत्रासारखी, एक कंगव्यासारखी, एक सरळ. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या इंग्रजी कागदावर संधिवात, निद्रानाश, सर्दी, केस गळणे, अशी वीस-बावीस दुखण्यांची यादी आहे. पाश्चात्त्य देशांत १९१०च्या दशकापासून 'व्हायोलेट रे' या नावाने घरोघर विकल्या गेलेल्या यंत्रांपैकी हे एक. 'ओझोन थेट शरीरात' ही त्यांच्या जाहिरातींतली एक मोठी फुशारकी होती.

आमच्या गावच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ही पेटी द्यायचे ठरले. शाळेने ती 'वैद्यकीय भोंदूगिरी' या टेबलावर मांडायचे ठरवले आहे, आणि तिथेच माझा विरोध आहे. भोंदू तो, ज्याला आपले खोटे ठाऊक असते. या पेटीमागचे विज्ञान तर खरेच होते. १७८५ मध्ये हारलेमच्या मार्टिनस व्हान मारुम यांना मोठ्या घर्षणविद्युत यंत्राच्या ठिणग्यांजवळ एक विचित्र वास आला. १८४० च्या सुमारास बाझेलच्या श्योनबाइन यांना पाण्याचे विद्युत-विघटन करताना तोच वास आला आणि त्यांनी 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या वायूचे नाव ओझोन ठेवले. १८५७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी तो वायू हवा तेव्हा आणि हवा तितका वेळ तयार करणारी नळी बनवली. पुढे याच वायूने पाणी निर्जंतुक करण्याचे कारखाने निघाले. १८९३ मध्ये हॉलंडमधील औट्सहूर्न येथे, १९०६ मध्ये फ्रान्समधील नीस येथे. पाण्यातले जंतू मारणारा वायू माणसाच्या शरीरातलेही मारील, असे प्रतिजैविके नसलेल्या काळातल्या डॉक्टरला वाटले, तर त्याला भोंदू म्हणणे हा आजच्या माणसाचा उद्धटपणा आहे.

छातीचा डॉक्टर:
धागाकर्त्यांचा, म्हणजे 'अडगळ' यांचा, इतिहास बिनचूक आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. वायू खरा होता, हीच तर तक्रार आहे. गंडा बांधला तर मनगटाला फार तर वळ उठतो. ओझोन छातीत गेला तर श्वासनलिकेचे अस्तर सुजते. ज्या श्योनबाइन यांचा दाखला आपण देता, त्यांनाच हा वायू हुंगल्यावर छातीत दुखले होते, आणि त्यात कोंडलेले उंदीर मेल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच ठाऊक होते. म्हणजे ज्याने नाव ठेवले त्यालाच खोकलाही आला होता. पुढच्यांनी नाव घेतले आणि खोकला गाळला.

आज कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ओझोनची जी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते, ती हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी आहे. नाकाला वास येतो तो याच्याही बराच खाली. 'वास आला म्हणजे औषध पोहोचले' असे जी यंत्रे शिकवीत होती, त्यांना मी उपकरण म्हणणार नाही. आणि पाण्याचे उदाहरण इथे लागूच नाही. पाण्यातल्या जंतूला वाचवायचे नसते; फुफ्फुसातल्या पेशीला वाचवायचे असते.

भारनियमन:
मी वीज खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. आधी कामाचे: ती पेटी कृपया प्लगला लावू नका. अशी बहुतेक यंत्रे ११० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३० आहे. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या रबरी आवरणाची वायर हातात भुगा होते. कारण आतली उष्णता आणि चक्क ओझोनच, कारण ताणलेले रबर ओझोनने चिरफाळते.

आता मुद्द्याचे. आपण दोघेही दोन वेगळी यंत्रे एकाच पोत्यात घालत आहात. सीमेन्स यांच्या नळीत एकात एक अशा दोन काचनळ्या असतात. आतल्या नळीला आतून आणि बाहेरच्या नळीला बाहेरून कथलाचा वर्ख, आणि दोन नळ्यांमधल्या अरुंद फटीतून हवा किंवा ऑक्सिजन सोडायचा. वर्खांना इंडक्शन कॉइलचा, म्हणजे विजेचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्याचा, उच्च दाब दिला की मध्ये काच असल्यामुळे ठिणगी पडू शकत नाही. फटीत मंद जांभळट उजेड पसरतो आणि फक्त बारीक सळसळ ऐकू येते. यालाच मूक विसर्ग म्हणतात. ठिणगी नाही म्हणजे फारशी उष्णता नाही, आणि उष्णता नाही म्हणून तयार झालेला ओझोन लगेच मोडत नाही. आजचे मोठे ओझोन कारखानेही मूळ याच तत्त्वावर चालतात. या नळीला कोणी भोंदू म्हटले, तर मीही धागाकर्त्यांच्या बाजूने उभा राहीन.

आपली पेटी मात्र वेगळ्या कुळातली. तिच्या मुठीत थरथरणारी पत्ती, वीज साठवणारा कंडेन्सर आणि विजेचा दाब खूप चढवणारे टेस्ला पद्धतीचे वेटोळे असते. पितळी स्क्रू पिळला की पत्तीची गुणगुण बदलते आणि ठिणगीचा जोर बदलतो. काचनळीतली बरीचशी हवा काढून टाकलेली असल्याने ती जांभळी उजळते; तो उजेड फक्त दिखाऊ आहे. ओझोन होतो तो काच आणि कातडी यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत, आणि तोही साध्या दमट हवेतून, त्यामुळे त्याच्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडेही तयार होतात. किती ओझोन, किती भेसळ, हे सांगणारा एकही काटा त्या पेटीवर नसतो. माझ्या दृष्टीने खरा दोष हा: मात्रा मोजता येत नसताना औषध म्हणून विकणे.

अडगळ:
सूचनेबद्दल आभार, वायरला हात लावताच खरोखरच भुगा झाला. पण मात्रा मोजण्याचा प्रयत्नच नव्हता, हे मान्य नाही. श्योनबाइन यांनीच पोटॅशियम आयोडाइड आणि खळ लावलेला कागद काढला होता. ओझोन लागला की तो निळा पडतो, आणि निळेपणाची पट्टी लावून युरोपभर हवा मोजली गेली.

भारनियमन:
तो कागद दमटपणानेही फसतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनीही निळा पडतो. म्हणजे ज्या भेसळीपासून सावध करायचे, तिलाच तो ओझोन म्हणून मोजतो. समुद्रकाठी हवापालटाला गेलेले इंग्रज 'ओझोनची हवा' घेऊन परत येत, त्या समजुतीमागेही असलेच कागद होते.

जुने अंक:
मला वाटते, भोंदूगिरी की प्रामाणिक चूक हा प्रश्न यंत्राला विचारण्यापेक्षा तारखेला विचारावा. लंडनच्या सेंट्रल लंडन रेल्वेने १९११ मध्ये आपल्या भुयारांत ओझोन मिसळलेली हवा सोडण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी लिओनार्ड हिल आणि मार्टिन फ्लॅक या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ओझोनचा शरीरावरील परिणाम तपासून निबंध प्रसिद्ध केला. दहा लाखांत एक भाग इतक्या प्रमाणातही श्वसनमार्ग चुरचुरतो आणि दहा लाखांत पंधरा-वीस भागांत दोन तास राहणे जिवावर बेतू शकते, असे त्यांनी सांगितले. दुर्गंधी नष्ट होत नाही, ती फक्त झाकली जाते, हेही त्यांचेच. १९१३ मध्ये शिकागोच्या जॉर्डन आणि कार्लसन यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लिहिले की, माणसाला सोसवेल इतक्या ओझोनने हवेतले जंतू भरवशाने मरत नाहीत, आणि जंतू मारील इतका ओझोन माणसाला सोसत नाही.

म्हणून माझी रेघ १९१३ वर आहे. त्याआधीचा डॉक्टर चुकला असे म्हणा. त्यानंतर ज्याने झाकणावर वीस रोग छापले, त्याच्यासाठी शाळेचा शब्द मला कठोर वाटत नाही. आणि गंमत अशी की घरगुती पेट्यांची खरी भरभराट १९१३ नंतरच झाली. अमेरिकेत तर १९३८ च्या कायद्यापर्यंत वैद्यकीय उपकरणे औषध प्रशासनाच्या कक्षेतच नव्हती. तोवर पेटीवर काहीही छापता येत होते.

अडगळ:
जुने अंक यांनी हिल आणि फ्लॅक अर्धेच सांगितले. कोंदट हवेतला कंटाळवाणेपणा मोडायला अगदी थोडा ओझोन उपयोगी पडू शकेल, असेही त्यांचे मत होते. म्हणजे तपासणाऱ्यांनीही दार पूर्ण लावले नव्हते. शिवाय १९१५ मध्ये बर्लिनचे आल्बर्ट वोल्फ यांनी महायुद्धातल्या जखमांवर ओझोन वापरला, आणि १९३५ मध्ये एर्विन पायर यांच्यासारख्या नामवंत शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेतील ओझोन उपचारांवर निबंध वाचला. हे सारे १९१३ च्या रेघेपलीकडचे आहे. ही मंडळी झाकणावर रोगांच्या याद्या छापणारी नव्हती. त्यांचे अडले ते बरेचसे साहित्यामुळे, कारण ओझोन न खाणारी नळी आणि पिशवी त्या काळी मिळत नव्हती. प्लास्टिक पुढे आले.

छातीचा डॉक्टर:
उघड्या जखमेवर वायू लावणे आणि तो हुंगायला देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी मान्य करतो, आणि वोल्फ यांना मी भोंदू म्हणत नाही. पण आपल्या पेटीच्या कागदावर 'सर्दी' लिहिलेले आहे, जखम नव्हे. सर्दीला ती नळी कुठे धरायची होती? नाकापाशी. ओझोन हुंगण्यासाठी निलगिरीचे किंवा पाइनचे तेल घालायची वेगळी जोडणीही अशा काही यंत्रांसोबत विकली जाई. तेलाच्या वासाने घशातली चुरचुर 'औषधी' वाटू लागते. मी इतकी वर्षे दमेकऱ्यांची छाती तपासतो आहे. एखाद्याला ही जोडणी दिलेली मला कल्पनेतही सहन होत नाही.

आणि नामवंतांचे म्हणाल तर, नामवंताने निबंध वाचला म्हणून उपचार सिद्ध होत नाही. त्या निबंधांत तुलनेसाठी ओझोन न दिलेले रुग्ण कुठे होते, एवढेच विचारावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमात ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही उपयुक्त वैद्यकीय वापर ज्ञात नाही, असे आजही छापलेले आहे.

परिमळ:
मी वाद वाचत होते. लिहायचे नव्हते, पण आता राहवत नाही. धागाकर्त्यांनी वर्णिलेली पेटी म्हणजे माझे रोजचे यंत्र आहे. माझे कोल्हापुरात ब्यूटी पार्लर आहे आणि आम्ही त्याला 'हाय फ्रिक्वेन्सी' म्हणतो. तीच मूठ, तेच भूछत्र, केसांसाठी तोच कंगवा. फेशियलनंतर चेहऱ्यावर कापडी जाळी ठेवून भूछत्र फिरवले की बारीक तडतड होते आणि पाऊस पडून गेल्यासारखा वास येतो. पिंपल वाळतात, असा माझ्या ग्राहकांचा अनुभव आहे. मी कोणाचा दमा बरा करत नाही आणि तसे सांगतही नाही. सरसकट भोंदू म्हटले की आमच्यासारख्या बायकांच्या पोटावर पाय येतो, एवढे ध्यानात ठेवावे.

एक मात्र अभियंत्यांना सांगते. त्या यंत्राच्या खणात ठेवलेली केसांची रबरे दर दोन-तीन महिन्यांनी ताणताच तुटतात. मला वाटे, माल हलका आहे.

भारनियमन:
माल हलका नाही. आपण न मागवता आपल्याकडे ओझोनमापक आहे, आणि तो श्योनबाइन यांच्या कागदापेक्षा बरा चालतो आहे.

छातीचा डॉक्टर:
परिमळताई, आपल्यावर माझा रोख नव्हता. वापर मिनिटा-दोन मिनिटांचा ठेवा आणि दमा असलेल्या ग्राहकांवर तो मुळीच करू नका. ग्राहक बाई दोन मिनिटांत उठून जाते. त्या खोलीत दिवसभर आपण असता. खिडकी उघडी ठेवा.

परिमळ:
एसी असल्यामुळे खिडकी बंदच असते. उद्यापासून उघडते.

अडगळ:
शाळेला द्यायच्या पाटीचा मजकूर सर्वांचे वाचून बदलला आहे: 'व्हायोलेट रे पेटी. ओझोन खरोखर तयार करणारे, पण किती ते न सांगणारे घरगुती उपचार-यंत्र. झाकणावरील रोगांपैकी एकही याने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही.' शेजारी मी सीमेन्स यांच्या नळीचे चित्र लावणार आहे आणि पेटीला विजेचा प्लग ठेवणार नाही. टेबल मात्र बदलून मागितले आहे. 'भोंदूगिरी' ऐवजी 'विजेचा इतिहास'.

जुने अंक:
पाटी चांगली आहे. तिच्यावर १९१३ हे साल घाला, नाहीतर पोरांना वाटेल की हे नंतर कोणीतरी शोधून काढले.

छातीचा डॉक्टर:
मजकुराला माझी हरकत नाही, 'उपचार-यंत्र' यातल्या 'उपचार' या शब्दाला आहे. आणि टेबल पहिलेच बरोबर होते.