दुसऱ्यांदा पाहिलेलं नाटक : तुमचे अनुभव लिहा

पेठकर :
एखादं नाटक परत बघायला निघालं की घरात हमखास विचारणा होते, "बघितलंय की, आता परत काय?" त्याची उत्तरं गोळा करायला हा धागा. कोणतं नाटक, दोन्ही वेळचा संच, आणि दुसऱ्या खेपेला काय वेगळं दिसलं ते लिहा. "निव्वळ अप्रतिम" एवढंच लिहून पळू नका.

सुरुवात मी करतो. 'घाशीराम कोतवाल'. डिसेंबर 1972 मध्ये भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला तेव्हा मी शाळेतही नव्हतो. पुढे वाद झाला, पीडीए या नाट्यसंस्थेने प्रयोग थांबवले, मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली, हे सगळं ऐकीव. मी पाहिला तो कॉलेजात असताना, बाल्कनीतून. वरून नुसत्या आकृत्या दिसत होत्या. ब्राह्मणांची रांग डुलते, फुटते, पुन्हा जुळते, आणि मधूनच मोहन आगाशेंचा नाना फडणवीस. बाहेर पडताना डोक्यात होतं ते भास्कर चंदावरकरांचं संगीत.

काही वर्षांनी दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. या वेळी नानापेक्षा रांगेतल्या एकाच माणसाकडे लक्ष गेलं. कडेला उभा होता. भजनात टाळ वाजवताना जो भाव, तोच बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, वळताना, आणि मागे कुणाचे हाल चालले असताना प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतानाही मानेची ठेवण तीच. वरून पाहताना जी भिंत वाटली होती, ती जवळून माणसांची होती. तेंडुलकरांचं नाटक घाशीरामवर आहे असं मी तोवर समजत होतो.

वऱ्हाडची सून :
'वाडा चिरेबंदी'. एलकुंचवारांचे देशपांडे ज्या वाड्यात राहतात तसल्याच एका वाड्यात माझं लग्न झालं. फक्त आमच्या अंगणात गंजलेला ट्रॅक्टर नव्हता, मोडका छकडा होता. पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर लगेच, नागपुरात, एका हौशी संस्थेचा प्रयोग होता. मी पूर्णपणे अंजली या सुनेच्या बाजूची. मुंबईहून आलेली, हिशोब विचारणारी, सगळ्यांना खुपणारी. ती बोलली की मला वाटायचं, बरं झालं कुणीतरी बोललं! शेजारी सासूबाई बसल्या होत्या, म्हणून टाळी तेवढी वाजवली नाही.

दुसऱ्यांदा पाहिलं ते चंद्रकांत कुलकर्णींनी गेल्या दशकात पुन्हा बसवलेलं. तोवर आमचा वाडा विकून झाला होता. थोरली सून, वहिनी, रात्री सगळे पिढीजात दागिने अंगावर चढवून बसते ना, तो प्रवेश. पहिल्या वेळी मी त्यात हाव पाहिली होती. या वेळी दिसली ती आयुष्यभर किल्ल्या सांभाळलेली आणि त्या किल्ल्यांनी काय उघडतं ते अंगावर घालायला कधी न मिळालेली बाई. आमच्याकडे गोठ, पाटल्या, पुतळ्यांची माळ असं सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलेलं असे. सासूबाई ते उघडून बघायच्या आणि परत बांधून ठेवायच्या, घालताना मी त्यांना पाहिलं नाही. पुढे तिची मुलगी रंजू ते दागिने घेऊन मास्तराबरोबर पळते तेव्हा प्रेक्षागृहात लोक चुकचुकले. मी वहिनीकडेच बघत होते. म्हाताऱ्या दादीचं सारखं "किती वाजले" विचारणंही आधी विनोदी वाटलं होतं. ते आता नाही वाटत.

मिसळपंथी :
'मोरूची मावशी'. लहानपणी विजय चव्हाणांची, मोठेपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात पुतण्याची. पुतण्याचा पदर सुटला, प्रयोग तिथेच संपला. पुढचा प्रतिसाद.

वेंगुर्ल्यातून :
आमच्याकडे दशावतारात स्क्रिप्टच नाय, तर दुसऱ्यांदा तोच प्रयोग बघूचो खयसून?

बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो. जत्रेला रात्री पालखी फिरून झाली की पूर्वरंग. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, आणि मग काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. त्यानंतर आख्यान. कुठलं करायचं ते अंगाला रंग लावता लावता ठरतं. मालक कथा सांगतो, तू हा, तू तो, युद्ध इथं, संपलं. संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. एकच आख्यान मी एकाच कंपनीचं लागोपाठच्या दोन जत्रांत पाहिलं. पहिल्या रात्री राजा आणि ऋषी यांच्यात धर्मावर असा काही वाद पेटला की युद्धाला वेळच उरला नाही. दुसऱ्या गावी त्याच राजाचा घसा बसलेला, मग पखवाजवाल्याने बाजू सावरली आणि नुसतं युद्धच युद्ध. आमच्या आजीला दुसरा जास्त आवडला.

पेठकर :
म्हणजे दशावताराचा प्रत्येक प्रयोग पहिलाच. नियमात बसत नाही, पण राहू द्या.

डिमरवाला :
मी बघणाऱ्यांतला नाही, चालवणाऱ्यांतला. प्रकाशयोजना दुसऱ्या कुणाची, मी फक्त डिमरवर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायला. एकच नाटक इतक्यांदा झालं आहे की वाक्यं मला नटांपेक्षा पक्की पाठ आहेत. एका विनोदी नाटकात तर मी रंगमंचाकडे बघायचंच सोडलं होतं, कानावर क्यू घ्यायचो आणि प्रेक्षकांकडे बघायचो.

तर निरीक्षण असं. हशा ठरलेल्या वाक्याला येतो हा गैरसमज आहे. दुपारच्या चारच्या प्रयोगाला ज्येष्ठ मंडळी असतात, हशा अर्ध्या क्षणाने उशिरा येतो पण लांबतो. रात्री साडेआठला घाईचा हशा, दिला की पुढे चला. कंत्राटी प्रयोगाला, म्हणजे एखाद्या मंडळाने सगळी तिकिटं घेतलेली असतात तेव्हा, पहिली दहा मिनिटं शुकशुकाट, कारण सगळे एकमेकांकडे बघून हसायचं की नाही ते ठरवत असतात. चांगला नट हे पहिल्या दोन वाक्यांत ओळखतो. आमच्या नाटकात एक ज्येष्ठ अभिनेते होते. हशा आला की ते पाण्याचा तांब्या उचलायचे, आणि हशा ओसरताना खाली ठेवायचे. तांब्या तालमीत नव्हता. प्रेक्षक मठ्ठ असले तर तांब्याला हात नाही. विंगेतली मंडळी तांब्यावरून सांगायची, आज प्रयोग चढलाय की पडलाय.

त्यांच्या जागी नवा नट आला. त्याला कुणीतरी सांगितलं, इथे तांब्या उचलायचा. तो रोज उचलायचा, हशा असो वा नसो. प्रॉपर्टीवाल्याने शेवटी तांब्याच काढून टाकला.

तिसरी घंटा :
मी सत्तरीचा आहे, त्यामुळे 'नटसम्राट'बद्दल बोलायचा अधिकार गृहीत धरतो. गोवा हिंदू असोसिएशनने 1970 च्या डिसेंबरात आणलं. मी सुरुवातीच्या काळात श्रीराम लागूंचा बेलवलकर, म्हणजे तो म्हातारा नट, पाहिला, समोर त्याची बायको कावेरी, शांता जोग यांची. पुढे दत्ता भटांचा पाहिला. लागूंचा बेलवलकर आतून चिरत जातो, त्याचा कोसळता आवाजही हिशोबाने कोसळतो. भटांचा रांगडा, उघडा, रस्त्यावर आल्यावर खराखुरा रस्त्यावरचा. लागू श्रेष्ठ असं त्या वेळी मीही म्हणत असे, कारण सगळे म्हणत. आज विचाराल तर बाप म्हणून मला भट आठवतात आणि नट म्हणून लागू. शिरवाडकरांनी दोघांनाही पुरेल एवढं लिहून ठेवलं होतं. जाताजाता, कावेरीकडे लोक फार कमी बघतात. बेलवलकरांनी 'सरकार' अशी हाक मारली की शांताबाईंचा चेहरा कसा व्हायचा ते एकदा लिहीन.

मिसळपंथी :
काका, मी मोहन जोशींचा पाहिला, आजोबांबरोबर. आजोबा मध्यंतरात वडा खाताना सारखे "लागू… लागू" करत होते, पण दुसऱ्या अंकात माझा रुमाल त्यांनीच घेतला.

फोंड्याहून :
गोव्यात जत्रेचं नाटक म्हणजे गावचंच. देवळासमोर रंगमंच, खाली चटया, आणि निम्मा गाव नटांच्या नात्यातला. 'संशयकल्लोळ' मी व्यावसायिक संचाचं पाहिलं होतं, गाणी उत्तम, विनोद नेमका. देवलांचं नाटक, 1916 पासून चालत आलंय, बिघडवणं कठीण. मग आमच्या गावात झालं. संशयी नवरा फाल्गुनराव होते बँकेतले साहेब, जे खरोखरच प्रत्येक चेकवरची सही तीनदा तपासत. त्यांनी रंगमंचावर तसबीर हातात घेऊन संशयाने डोळ्यांजवळ नेली मात्र, मागून कोण तरी ओरडलं, "सही जुळता?" पाच मिनिटं नाटक पुढे सरकेना. रेवती झालेल्या मुलीने तिचं पद मात्र तीनदा वन्समोर घेऊन म्हटलं, आणि तिसऱ्यांदा सगळ्यात सुरेल.

पंचगंगाकाठ :
कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दुसऱ्यांदा पाहायचं म्हणून ठेवलेलं एक नाटक तिथे पाहायचं राहिलं. दुसरीकडे लागलं होतं, मुद्दाम गेलो नाही. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

धानपट्टी :
तुम्ही सगळे तिकीट काढून दुसऱ्यांदा बघता. आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, आमच्याकडे दिवाळीनंतर धान निघालं की होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे नाटक. वडशाच्या कंपन्या, गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (जत्रा), पाव्हणे घरभर. नाटक रात्री दहा-अकराला सुरू, उजाडेपर्यंत. मावशीच्या गावी पाहिलेलं नाटक आठवड्याने आमच्या गावी आलं, तोच संच. मावशीच्या गावी खलनायक आधी मरतो आणि नायिका रडते. आमच्याकडे नायिका आधी रडली आणि खलनायक मागून मेला, कारण मधलं नाचगाणं पब्लिकने पुन्हा घ्यायला लावलं आणि खलनायक तोवर चहाला गेला होता. प्रॉम्प्टरचा आवाज आम्हाला पहिल्या रांगेत स्वच्छ ऐकू येत होता, "मर, मर आता!" तो मेला. टाळ्या मात्र प्रॉम्प्टरला.