भूतान अगदीच मुकाट नाहीये
एकांनी लिहिलंय की भूतानचं काय, दिल्ली म्हणेल ती पूर्व दिशा. मला नाही पटलं. भारत-भूतानच्या १९४९ च्या करारात परराष्ट्र धोरणासाठी भारताचा सल्ला घ्यायचं कलम होतं हे खरंय, पण २००७ ला ते गेलं ना, तेही तंटा न करता.

चीनशी त्यांचे राजनैतिक संबंधच नाहीत (अमेरिकेशी पण नाहीत बरं का), तरी १९८४ पासून सीमेची बोलणी चालूयत. चीनची जुनी ऑफर अशी की आम्ही उत्तरेतल्या ४९५ चौ. किमीवरचा दावा सोडतो, तुम्ही पश्चिमेचे २६९ द्या. आकडे बघून वाटेल घ्या की राव, पण त्या २६९ मध्ये डोकलामचं पठार येतं, त्याच्या खाली आपला सिलीगुडी कॉरिडॉर (ईशान्य भारताला बाकी देशाशी जोडणारी चिंचोळी पट्टी), म्हणजे सही केली की भारत नाराज आणि नाही केली की चीन नवीन काहीतरी उकरून काढणार, २०२० ला पूर्व भूतानमधल्या साकतेंग अभयारण्यावर दावा सांगितलाच की. २०१७ ला डोकलामला ७३ दिवस भारत आणि चीनची सैन्यं समोरासमोर होती तेव्हा भूतानने, चीनने तिथे रस्ता बांधणं हा आमच्याशी केलेल्या कराराचा भंग आहे, असं एक निवेदन काढलं आणि मग जवळपास चिडीचूप.

आपणही काही कमी नाही, २०१३ ला त्यांच्या ऐन निवडणुकीत गॅस-रॉकेलची सबसिडी बंद केली. कारण तांत्रिक सांगितलं, तिथे किती जणांना पटलं असेल देव जाणे.

आणि ऑक्टोबर २०२३ ला भूतानचे परराष्ट्रमंत्री बीजिंगला, नोव्हेंबर लागताच राजे आसाममार्गे दिल्लीत. याला दिल्लीच्या मागे मागे फिरणं म्हणायचं?